अर्थ लागत नाही

"उस्ताद, अर्थ लागत नसेल."

एवढंच वाक्य. गाडीच्या मागच्या सीटची गादी काढून बाहेर उभी केली होती. तिच्याखालचं गोल झाकण चार स्क्रू सोडवून बाजूला ठेवलेलं. पेट्रोलचा तो गोडसर, डोक्यात चढणारा वास सगळीकडे. मिस्त्री गुडघे टेकून त्या खड्ड्यावर वाकले होते. पंपाचं कपलर त्यांनी ओढून काढलं, मीटरची काळी सुई एका पिनेला लावली, लाल दुसरीला. मला चावी ऑन करायला सांगितलं. आकडा आला १२.४. "करंट पूर्ण येतोय," ते म्हणाले, "म्हणजे पंपच गेला." तेव्हा दाराशी उकिडवा बसून लॅम्प धरणारा मुलगा ते वाक्य बोलला. सतरा-अठरा वर्षांचा असेल. बाह्या दुमडलेल्या, मनगटापर्यंत काळं ऑइल. मिस्त्रींनी वरही न बघता सांगितलं, "तू लॅम्प नीट धर." आणि मी हसले. मोठ्याने नाही. मोठ्यांच्या बोलण्यात लहान मूल मध्येच काहीतरी बोललं की आपण जसं हसतो, तसं. मुलाने लॅम्प दोन बोटं पुढे सरकवला आणि पुढचा तासभर तो काहीच बोलला नाही.

त्या हसण्याची आठवण मला दोन महिन्यांनी आली आणि मग ती जाईचना.

गाडी वीस वर्षांची. तिच्या खोड्या मला पाठ आहेत. तिसऱ्या गिअरमधलं कुरकुरणं, पाऊस पडला की डाव्या काचेचा संथपणा, स्पीडोमीटरच्या काट्याचा हलका कंप. आणि चावी ऑन केली की मागच्या सीटखालून येणारी ती दोन सेकंदांची गुणगुण. इंजेक्शनची गाडी चालवणाऱ्या बहुतेकांच्या कानावर ती रोज पडते आणि बहुतेकांना ती ऐकू येत नाही. पेट्रोलच्या टाकीत बुडवलेली एक छोटी मोटर जागी होते, लाइनमध्ये तीन-चार बारचा दाब तयार करते आणि इंजिन फिरत नाहीये असं दिसलं की गप्प होते. ही दोन सेकंदांची शिस्त मुद्दाम घातलेली आहे. उद्या अपघात होऊन इंजिन थांबलं, तर पंपाने फुटलेल्या पाइपातून पेट्रोल ओतत राहू नये म्हणून. मला ती गुणगुण म्हणजे गाडीचं 'हं, बोला' वाटायचं. बंद पडली त्या दुपारी मी सेल्फ मारत राहिले. इंजिन जोरात फिरत होतं, बॅटरी ठणठणीत होती, पण मागून 'हं' आलंच नव्हतं. ते लक्षात यायला मला पाच-सहा वेळा सेल्फ मारावा लागला. जे रोज असतं ते नसलं की आधी काहीतरी चुकतंय एवढंच जाणवतं, काय चुकतंय ते नंतर कळतं.

मिस्त्रींची बाजू आधी सांगते, नाहीतर हा लेख त्यांच्यावर अन्याय करेल. त्यांनी डोळे झाकून निदान केलं नव्हतं. फ्यूज पाहिला होता, १५ अँपिअरचा, शाबूत. मग रबरी हातोडीने टाकीच्या तळाला खालून दोन ठोसे दिले होते, आणि गाडी चक्क सुरू झाली होती. हा जुना, नावाजलेला उपाय आहे. मोटरच्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे कार्बन ब्रश झिजले की ते तिथल्या कम्युटेटरवर, म्हणजे तांब्याच्या पट्ट्यांवर, नीट टेकत नाहीत. धक्का बसला की टेकतात आणि मोटर तेवढ्यापुरती फिरते. "बघा, ब्रश संपलेत," ते म्हणाले होते. त्यात वीस वर्षांचा पंप. वरून मीटरवर १२.४. तीन साक्षीदार एकच गोष्ट सांगत असतील तर कोणता न्यायाधीश चौथा शोधत बसेल? टाकीला बसलेला ठोसा पत्र्यातून गाडीच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यापर्यंत जातो, हा विचार त्या वेळी कोणाच्याच डोक्यात आला नाही. म्हणजे एकाच्या आला असावा. तो लॅम्प धरून बसला होता.

नवा पंप बसला. जुना त्यांनी नव्याच्या रिकाम्या खोक्यात घालून माझ्या हातात दिला. हा त्यांचा प्रामाणिकपणा. पार्ट खरंच बदललाय हे गिऱ्हाइकाला दिसलं पाहिजे, असं ते म्हणतात. गुणगुण परत आली, थोडी तरुण, थोडी उंच पट्टीतली. एकोणीस दिवस मी सुखात होते. विसाव्या दिवशी सिग्नलला थांबले असताना इंजिन दोनदा अडखळलं आणि बंद पडलं. मागच्या गाड्यांचे हॉर्न, माझ्या मानेवरचा घाम, ढकलून कडेला घेणं. अर्ध्या तासाने चावी फिरवली तर गाडी अशी सुरू झाली की जणू काही झालंच नव्हतं. गाडी मिस्त्रींसमोर कधीच बंद पडत नाही, हा एक वेगळाच छळ. दुखणं सांगायला जावं आणि डॉक्टरांच्या दारात ताप उतरावा, तसं.

मग आळ रिलेवर आला, म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचवर. हा आळ निदान तपासायला सोपा होता, कारण हॉर्नचा रिले आणि पंपाचा रिले माझ्या गाडीत जुळे भाऊ आहेत. दोघांची जागा बदलली. हॉर्न पंपाच्या रिलेवर मजेत वाजत राहिला आणि पंप हॉर्नच्या रिलेवरही आठवड्याने रुसला. तोपर्यंत मी एक गोष्ट शिकले होते. चावी ऑन केल्यावर रिले 'टक' करतो म्हणजे तो चांगला, असं आपण धरून चालतो. पण त्या टकचा अर्थ इतकाच, की ८५ आणि ८६ नंबरच्या पिनांमधली छोटी गुंडाळी जागी झाली. पंपाकडे जाणारा खरा प्रवाह ३० आणि ८७ या दुसऱ्याच दोन पिनांमधून जातो, आणि तिथले संपर्क जळून काळे पडले असले तरी टक तितकाच ठणठणीत ऐकू येतो. निरोप पोहोचला याची खूण आणि काम झालं याची खूण, या दोन वेगळ्या आहेत. ऑफिसात काम केलेल्या कोणालाही हे सांगायची गरज नाही.

पोटासाठी मी प्रुफं वाचते. तीस वर्षं झाली. या धंद्यात एक गोष्ट पहिल्या वर्षातच कळते, की चूक बारीक अक्षरात लपत नाही, ती मथळ्यात लपते. मथळा बरोबरच असणार असं धरून डोळा त्यावरून घसरतो. एकदा मुखपृष्ठावर लेखकाचंच नाव चुकलं होतं आणि आत सातशे अनुस्वार मी वेचून काढले होते. त्यामुळे गाडी चौथ्यांदा बंद पडली तेव्हा मी ठरवलं, की आता हे प्रूफ आपणच वाचायचं. मीटर घेतला. वायरिंगचा नकाशा मिळवला आणि जेवायच्या टेबलावर पसरून चार रात्री त्याच्याकडे बघत बसले. सुरुवातीला तो मला मोडी लिपीसारखा दिसत होता. नंतर रस्ते दिसायला लागले. बॅटरीपासून फ्यूज, फ्यूजपासून रिले, रिलेपासून दाराच्या उंबऱ्याखालून मागे जाणारी वायर, सीटखालचं कपलर, पंप. इथपर्यंत लाल पेन्सिलने गिरवलं आणि थांबले. पुढे एक काळी रेघ निघाली होती. ती कागदावर बोटभर अंतर जाऊन तीन आडव्या रेघांच्या छोट्या चिन्हात बुडत होती. मी त्या चिन्हाकडे बघितलं आणि पुढे गेले. तीस वर्षांचा प्रूफरीडर, आणि मथळ्यावरून घसरला.

आवाजापासून सुरुवात केली, कारण माझ्याकडे खात्रीचं तेवढंच होतं. पण गुणगुण मागे आणि चावी पुढे. दोन्ही ठिकाणी एकटा माणूस असू शकत नाही. मग मोबाइल रेकॉर्डिंगला लावून मागच्या सीटवर ठेवायचा, पुढे येऊन चावी ऑन करायची, आणि मग मागे जाऊन ऐकायचं. पंधरा दिवसांत असे तीसेक तुकडे जमले. सकाळचे, दुपारचे, पावसानंतरचे, लांबून आल्यावरचे. रात्री इअरफोन लावून ते एकामागून एक ऐकत बसायचे. घरच्यांनी पहिल्या दिवशी विचारलं काय ऐकतेस, नंतर विचारणं सोडलं. सुरुवातीला सगळे सारखेच वाटले. मग, गवयाचा षड्ज थोडा उतरला की जसं खटकतं, तसं काहीतरी खटकायला लागलं. सकाळचा सूर आणि लांबून आल्यावरचा सूर एक नव्हता. गरम गाडीतली गुणगुण खालच्या पट्टीत होती, दमलेली होती. म्हणजे मोटर मेली नव्हती, ती हळू फिरत होती. तिला पोटभर मिळत नव्हतं.

पण मीटर तर १२.४ दाखवत होता.

इथे मी दोन दिवस अडकले. मग एके सकाळी दात घासताना, नळाखाली हात धरलेला असताना, उजेड पडला. नळ बंद असताना पाइपात दाब पूर्ण असतो, पाइप आतून कितीही गंजलेला असो. तोटी सोडली की खरं काय ते कळतं. मिस्त्रींनी कपलर काढून मोजलं होतं. पंप जोडलेला नव्हता, म्हणजे त्या वायरीतून काहीच वाहत नव्हतं. मीटर स्वतः जवळजवळ काहीच पीत नाही, त्याचा आतला रोध एक कोटी ओहमच्या आसपास असतो. वायरीचं एक शेवटचं तूस शिल्लक असलं, गंजातून कसाबसा स्पर्श होत असला, तरी मीटरला १२.४ दिसणारच. त्याच रस्त्याने चार-पाच अँपिअर मागा, मग तोंडचं पाणी पळतं. मीटर खोटं बोलला नव्हता. त्याला विचारलंच भलतं होतं.

हा सगळा हिशेब ज्याने मांडला तो गेओर्ग ओहम कोलोनमधल्या एका शाळेत शिकवायचा. त्या काळातल्या बॅटऱ्या भरवशाच्या नव्हत्या, प्रयोग चालू असतानाच त्यांचा दाब उतरायचा. म्हणून त्याने तांबं आणि बिस्मथ यांचा जोड एका टोकाला तापवून आणि दुसऱ्या टोकाला थंड ठेवून स्थिर प्रवाह मिळवला आणि मग मोजमापं घेतली. १८२७ साली ते छापलं. त्याच्याच देशात त्याची थट्टा झाली आणि त्याने नोकरी सोडली. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ले पदक दिलं ते १८४१ साली. आता नववी-दहावीतलं पोर त्याचं सूत्र घोकतं. चौदा वर्षं. हे वाचताना मला लॅम्प धरलेला तो मुलगा पहिल्यांदा आठवला. आठवला आणि मी पान उलटलं.

रविवारी सकाळी कामाला लागले. दारं-खिडक्या सताड उघड्या. सीटखालचं झाकण काढलं तरी टाकीला हात लावायचा नाही, ठिणगी पडेल असं काही तिथे करायचं नाही, बल्बचा टेस्टर तर त्या खड्ड्याच्या आसपासही आणायचा नाही, हे स्वतःला बजावून. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात साचून राहते. मजा अशी की पंपाची मोटर टाकीच्या आत थेट पेट्रोलमध्येच फिरते. तिच्या पोटातून पेट्रोल वाहतं, तेच तिला थंड ठेवतं. तिच्या ब्रशपाशी ठिणग्या उडतात आणि तरी काही होत नाही, कारण तिथे पेटायला लागणारी हवाच नाही. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी गाडीत बसायलाच घाबरले होते. धोका टाकीच्या आत नाही, बाहेर आहे. झाकणाशी. जिथे आपण वाकून बघतो तिथे.

रिले काढून त्याच्या ३० आणि ८७ च्या खाचांमध्ये मध्ये फ्यूज असलेली वायर जोडली, म्हणजे पंप चावीविनाच चालू राहील. बॅटरीच्या दोन टोकांपासून दोन लांब वायरी मागच्या सीटपर्यंत ओढल्या. कपलर या वेळी काढलं नाही. ते जोडलेलंच ठेवून मागच्या बाजूने बारीक टाचण्या सरकवल्या. आधी लाल बाजू मोजली, अर्थातच. सगळे आधी लालच मोजतात. बॅटरीच्या प्लसपासून पंपाच्या प्लसपर्यंत वाटेत किती गळतं? ०.३ व्होल्ट. वीस वर्षांच्या वायरिंगला माफ. मग काळी बाजू. पंपापासून बॅटरीच्या मायनसपर्यंत. इथे ०.१, फार तर ०.२ दिसायला हवं होतं. दिसलं ०.९.

मी काही केलं नाही. नुसती बसून राहिले. पंप गुणगुणत होता, पेट्रोल फिरून फिरून टाकीत परत येत होतं आणि आकडा चढत होता. १.६. बाहेर कोणीतरी कपडे वाळत घालत होतं, त्याचा झटकण्याचा आवाज. २.८. गुणगुण उतरायला लागली, माझ्या मोबाइलमधल्या संध्याकाळच्या तुकड्यांसारखी. वीस मिनिटांनी ४.६. बॅटरीवर तोवर १२.२ उरले होते. दोन्हीकडची गळती वजा केली तर पंपाच्या वाट्याला सव्वासात-साडेसात व्होल्ट येत होते. बारा व्होल्टच्या जिवाला सात. आणि ते ४.६ जात कुठे होते? उष्णतेत. ४.६ व्होल्ट, तीनेक अँपिअर, म्हणजे चौदा वॉट. डाग द्यायचं छोटं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं. माझ्या गाडीच्या पत्र्यात कुठेतरी अर्धं सोल्डरिंग आयर्न लपून तापत होतं. जितकं तापेल तितका संपर्क बिघडणार, जितका बिघडेल तितकं तापणार. गाडी थांबली की निवणार. अर्ध्या तासाने 'काही झालंच नव्हतं'.

तरी जागा सापडत नव्हती. परतीची वाट बॅटरीकडे वायरीने जातच नाही ना. प्लसला गाडीत वायर मिळते, मायनसला अख्खी गाडी मिळते. वायर जवळच्या पत्र्यावर बोल्टने आवळायची आणि सोडून द्यायची, पुढे पत्रा बघून घेईल. या जोडणीलाच गॅरेजमध्ये 'अर्थ' म्हणतात. निम्म्या तांब्याची बचत. पण मग ती जागा नेमकी कुठली? तेव्हा एक जुनी गोष्ट आठवली. गाडी बंद पडली ती दर वेळी सिग्नललाच. सगळ्यांनी सांगितलं होतं आयडलिंगचा प्रॉब्लेम असेल. पण सिग्नलला आपण आणखी एक गोष्ट करतो. ब्रेकवर पाय ठेवून बसतो. मी मागच्या सीटवर, पेडल पुढे. छत्री आणली, तिचा दांडा पेडल आणि ड्रायव्हरच्या सीटच्या मध्ये रेटून बसवला. मागे येऊन बघितलं तर मीटरवर ५.४. ब्रेकच्या २१ वॉटच्या बल्बचा प्रवाहही त्याच वाटेने परत जात होता. अरुंद बोळात दोन मिरवणुका. आणि मागे काही आठवड्यांपूर्वी एका गाडीवाल्याने बाजूला येऊन काच खाली करून सांगितलं होतं, "तुमचा डावा ब्रेक लाइट मंद लागतोय." मी "हो हो, बघते" म्हटलं होतं. तेही बोलणं मी ऐकलं होतं तसंच.

डिकी उघडली. डाव्या कोपऱ्यातलं नमदं सोललं. ओल्या पोत्यासारखा वास आला. टेल लॅम्पच्या रबरातून पाणी झिरपून झिरपून पत्र्यावर एक तपकिरी ओघळ तयार झाला होता, आणि त्या ओघळाच्या वाटेवर दहा नंबरचा एक बोल्ट. बोल्टखाली तीन काळ्या वायरींची थिंबलं, म्हणजे टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कड्या, एकावर एक. वरच्या दोघांवर गंज होता. सगळ्यात खालचं, पत्र्याला टेकलेलं, जंगालाने हिरवंगार झालेलं, आणि त्याच्या मानेपाशी वायरीचं प्लास्टिक वितळून मधासारखं गोठलेलं. बोट लावलं आणि पटकन मागे घेतलं. भाजलं.

मी डिकीच्या काठावर बसले. आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्याच्या मागोमाग दुसरंच काहीतरी वर आलं.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. बाबा त्यांच्या गाडीचा कार्बोरेटर उघडून बसलेले आणि मी हातात टॉर्च धरून उभी. हात भरून यायचे. उजेड हलला की "सरळ धर". एक छोटा पितळी नट त्यांच्या बोटांतून सुटला. मला तो पडताना दिसला. टपकन, बोनेटच्या काठच्या पन्हळीत. मी म्हटलं, "बाबा, तो तिथे, पन्हळीत." ते म्हणाले, "तू उजेड धर, तोंड नको चालवूस." मग त्यांनी गाडीखाली वाकून पाहिलं, फरशीवर हात फिरवला, लोहचुंबक दोरीला बांधून इंजिनच्या फटींतून सोडला. पितळ चुंबकाला चिकटत नाही हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही, घाईत आठवलं नसावं. तासाभराने नट सापडला. पन्हळीत. "सापडला," एवढंच म्हणाले. माझ्याकडे न बघता. खूप वर्षांनी, हसण्याच्या ओघात, मी त्यांना ती गोष्ट सांगितली. त्यांना आठवत नव्हती. "असं झालं होतं?" म्हणाले आणि खरंच विचारात पडले. मला मात्र त्या पन्हळीतलं वाळकं पानसुद्धा आठवतं.

बॅटरीचं मायनस आधी सोडलं. मग बोल्ट. तो करकरत निघाला. तीनही थिंबलं वेगळी केली. सगळ्यात खालचं कापून टाकलं, वायर मागे मागे सोलत गेले. चार बोटं आतपर्यंत तांबं काळं पडलेलं होतं, ओल अशी वायरीच्या आतून चढत जाते. उजळ तांबं लागलं तिथे नवं थिंबल दाबून बसवलं. पत्र्यावरचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासला, नाण्याएवढी जागा चांदीसारखी चमकेपर्यंत. बोल्ट परत आवळला, बॅटरी जोडली, वीस मिनिटं पंप चालवला. ०.०८. छत्री लावली. ०.०९. मोबाइल मागच्या सीटवर ठेवून शेवटचा तुकडा रेकॉर्ड केला. तो अजून आहे माझ्याकडे. त्यात गुणगुणीनंतर माझा आवाजही आलाय, मी कोणालातरी "हं" म्हणतेय.

जुना पंप खोक्यातून काढून पाहिला. मीटर लावला, साधारण एक ओहम. गुंडाळी, ब्रश, कम्युटेटर, रस्ता कुठे तुटलेला नाही. तो चांगला होता याचा हा पुरावा नव्हे, आणि बॅटरीला लावून फिरवून बघावा तर आत राहिलेल्या वाफेची भीती. त्यामुळे तो निर्दोष होता की नव्हता याचा निकाल कधीच लागणार नाही. माळ्यावर ठेवलाय. टाकवत नाही.

गॅरेजमध्ये जायला मी आणखी तीन आठवडे लावले. काम काही नव्हतं, आणि काम नसताना जायला निमित्त सापडत नव्हतं. शेवटी ते कापलेलं थिंबल कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकलं आणि गेले. मिस्त्री एका गाडीखाली होते, पाय तेवढे दिसत होते. मुलगा बाहेर एका फिल्टरवर हवा मारत होता. मी थिंबल त्याच्यासमोर धरलं. म्हटलं, "तू त्या दिवशी म्हणाला होतास. अर्थ लागत नसेल म्हणून. तेच निघालं. मी तेव्हा हसले होते."

त्याने हवा बंद केली. "मी बोललो होतो असं?"

"हो. सीट काढली होती तेव्हा."

"असेल, मॅडम." त्याला खरंच आठवत नव्हतं की त्याला ते आठवायचं नव्हतं, मला कळलं नाही. त्याने थिंबल हातात घेऊन नखाने जंगाल खरवडलं, वितळलेलं प्लास्टिक उलटंसुलटं करून बघितलं. मग एकदम वेगळ्याच आवाजात विचारलं, "लोडवर किती ड्रॉप होता?"

"साडेचार. ब्रेक दाबला की साडेपाचच्या जवळ."

"साडेचार!" त्याने शीळ घातली. "आणि आता?"

"पॉइंट शून्य आठ."

"घासून नवं थिंबल टाकलंत? वरून व्हॅसलीन लावलं का?"

नव्हतं लावलं. मी तसं सांगितलं.

"मग पुढच्या पावसात परत हिरवं होईल," तो म्हणाला. "आवळून झालं की वरून जाड थर द्यायचा, पाणी शिरत नाही. आणि लॅम्पचं रबर बदला, नाहीतर काय उपयोग." गाडीखालून हाक आली, "अरे, लॅम्प आण!" त्याने थिंबल माझ्या हातावर ठेवलं आणि तो आत गेला.

मी घरी आले, पर्स खांद्यावर तशीच, आणि डिकी उघडली.